उजव्या पायास कुरूप

आमच्या घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी पाय विचारले जात. तब्येत, मुलंबाळं, गावाकडे भात कसं आलंय, हे सगळं मागाहून. विचारणारी माझी बायआत्या. वडिलांची थोरली बहीण. वडील तिला बाय म्हणत म्हणून माझी बायआत्या. दारातून आत आलं की डाव्या हाताला, भिंतीला टेकून, ती पाटावर बसलेली असे आणि तिच्या पुढ्यात दुसरा पाट रिकामा मांडलेला असे. येणारा चपला काढून आत आला की त्याच्या तोंडाकडे न बघता ती म्हणे, "पाय वर." त्याने निमूट त्या पाटावर पाय ठेवायचा, मग तो शेजारी असो, पोस्टमन असो की वडिलांच्या कंपनीतला साहेब असो. एकदा चाळीतले एक काका बारा वर्षांनी आखातातून परत आले. मिशी ठेवलेली, अंगाने सुटलेले, डोळ्यांना काळा चष्मा. आईने त्यांना ओळखलं नाही आणि विमेवाले समजून दारातूनच नको म्हणाली. आत्याने आतून त्यांची करंगळी बघितली आणि नावानिशी हाक मारली.

आम्ही मुलुंडला राहत होतो, पूर्वेला, जिथे वस्ती संपून मिठागरं सुरू होत त्या कडेला. बैठी चाळ, दोन खोल्या, मागे मोरी आणि मोरीच्या भिंतीपलीकडे पपईचं एक झाड, ज्याला कधी धड पपई धरली नाही. आता तिथे बावीस मजले आहेत आणि खाली कारंजं आहे. सकाळी पलीकडच्या आग्रा रोडवरून कंपन्यांचे भोंगे ऐकू येत, एकामागून एक, आणि वडील त्यातला आपला नेमका ओळखून चहाचा कप खाली ठेवत. ते फिटर होते. कंपनीने त्यांना पुढे लोखंडी टोपी असलेले बूट दिले होते, म्हणजे अंगावर काही पडलं तर बोटं वाचावीत. अंगावर कधी काही पडलं नाही, पण बुटांनी बोटांची वाट लावली. संध्याकाळी ते बूट काढत तेव्हा आई खिडकी उघडे आणि आत्या पाट पुढे सरकवे. कंपनीतले इतरही येत, दिवसभर फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या शाळेतल्या बाई येत, आणि मिठागरावरची माणसं तर रोजच. खाऱ्या पाण्यात उभं राहून त्यांच्या पायांची कातडी सुकलेल्या चिखलासारखी तडकलेली असे. आत्या कुणाकडून काही घेत नसे. मिठागरवाले खडे मीठ आणून देत, आणि ते आमच्याकडे इतकं साठे की आईने आयुष्यात मीठ विकत आणलं नाही.

आत्याची औषधं सगळी स्वयंपाकघरातली किंवा स्वयंपाकघराच्या आसपासची. टाचांच्या भेगांना भिरंडेल. कोकमाच्या बियांतून निघणारं हे तेल थिजून पांढरं घट्ट होतं आणि गावाहून त्याचे मुठीएवढे गोळे येत. आत्या ते पळीत वितळवे आणि इतकं ऊन भेगांत सोडे, की बसलेला माणूस भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे टक लावून बघत राही. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की पाय कोरडे करून हळद आणि खोबरेल, आणि आठ दिवस बूट बंद. पाय मुरगळला की आंबेहळद उगाळून लेप. आणि तळपायांची आग होत असली की काशाची वाटी. तळव्याला तूप लावायचं आणि वाटीच्या बुडाने घासत बसायचं, थोड्या वेळाने तूप काळंठिक्कर होतं आणि आत्या ते अभिमानाने दाखवे, "ही बघ, उष्णता." ती उष्णता नसून काशाचा काळा रंग असतो हे मला पुढे कुणीतरी सांगितलं, पण आग थांबत असे एवढं खरं. दुपारी चाळ झोपलेली असताना त्या वाटीचा सुर्र सुर्र आवाज सतत चालू असे, आणि मला आजही तो आवाज आठवला की झोप येते.

त्या वाटीला ओळखीसाठी लाल दोरा बांधलेला होता. एका दिवाळीत आईने भांडी घासताना तो दोरा काढला आणि परत बांधायला विसरली. त्याच दिवशी वडिलांचे एक लांबचे मावसभाऊ आले आणि त्यांना शेवयांची खीर त्या वाटीतून दिली गेली. आत्याने बघितलं, आईने बघितलं, मी बघितलं. काका म्हणाले, खीर फार छान झाली आहे, वहिनींच्या हाताला चवच वेगळी. आत्या म्हणाली, आणखी घ्या. त्यांनी घेतली. ते पुढे नव्वदी ओलांडून गेले.

आत्याच्या मते माणसाचे सगळे रोग पायातून वर चढत. मला सर्दी झाली तरी ती पाय बघे. मी गणितात नापास झाले तेव्हा तिने तीन दिवस माझे तळवे घासले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आई पुटपुटे, पण मोठ्याने बोलायची तिची छाती नव्हती. पुढच्या चाचणीत मी काठावर पास झाले आणि मग तर बोलायची सोयच उरली नाही.

एवढ्या सगळ्या रोगांच्या नावांत एक नाव मात्र आमच्या घरात उच्चारलं जात नसे. तळव्यात काटा मोडून राहिला, किंवा बूट एकाच जागी चावत राहिला, की तिथे कातडीचा घट्ट खिळा तयार होतो. पाय टेकला की ब्रह्मांड आठवतं. सगळं जग त्याला कुरूप म्हणतं. आमच्याकडे त्याला भोवरी म्हणायचं. भोवरी हाही चांगला शब्द आहे, आणि कित्येक वर्षं मला वाटत होतं की तोच एक शब्द आहे. चौथीत असताना मी विरुद्धार्थी शब्द घोकत होते: उंच ठेंगणा, शूर भित्रा, सुरूप कुरूप. आई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हाताने उठली आणि माझ्या तोंडावर हात ठेवून मला म्हणाली की हे धडे मोरीत जाऊन पाठ कर. आत्या पाटावर बसून वज्री धूत होती. तिने मान वर केली नाही. वज्री म्हणजे पाय घासायचा दगड. तो धुवायला एवढा वेळ लागत नाही. मी मोरीत जाऊन उरलेले शब्द पाठ केले.

मी खो-खो खेळत असे. शाळेत खेळले, मग कॉलेजात, अनवाणी, मुरमाच्या मैदानावर. दिसायला मी काडी होते, पण पाटीत पळताना मला हात लावणं अवघड जाई. मी बारावी झाले त्या वर्षी एका बँकेने मुलींचा संघ करायचं ठरवलं. चाचणी घ्यायची, चांगल्या मुली निवडायच्या, आणि निवडलेल्यांना सरळ कारकुनाची नोकरी. त्याच सुमाराला माझ्यासाठी कणकवलीहून एक स्थळ आलं होतं. मुलाचा काजूचा कारखाना होता, म्हणजे मुलगा, त्याचे वडील आणि एक भट्टी. माणसं चांगली होती. मला त्यांच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. पण मला काजू फोडायचे नव्हते. वडिलांनी रीतसर निवाडा दिला: चाचणीत निवड झाली तर नोकरी, नाही झाली तर मे महिन्यात लग्न. यात अन्याय काही नव्हता. त्या दिवसांत इतका पर्याय मिळणाऱ्या मुली आमच्या चाळीत नव्हत्या.

चाचणी रविवारी होती. त्याच्या आधीच्या सोमवारी मला कळलं की माझ्या उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या मागे, खिळा झाला आहे. तो आठवड्यापूर्वीच सुरू झाला असणार, पण मी डोळेझाक केली होती. आत्याला दाखवावं तर तिचा इलाज मला तोंडपाठ होता: रोज मिठाच्या गरम पाण्यात पाय, वज्री, लिंबाची फोड बांधून झोपायचं, आणि एकवीस दिवस पळायचं नाही. एकवीस दिवसांत मी कणकवलीला पोचले असते. तेव्हा मी घरात दोन्ही पायांवर सारखी चालत राहिले. आत्यासमोरून लंगडत न जाणं ही त्या आठवड्यातली माझी सगळ्यात मोठी कसरत होती. ती दोनदा म्हणाली, "शाले, तू चलतंस कशी?" मी म्हटलं, सराव चालू आहे.

आत्याच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी एक पुरचुंडी होती आणि तिच्यात बिब्बे होते. काळी, बदामी आकाराची बी. तिच्यातलं तेल कातडीवर पडलं की कातडी उतते, फोड येतात. गावाकडे जुन्या बायका ते सुईच्या टोकाने भोवरीच्या मधोमध लावत, भोवती चुना फासून, आणि कातडी जाळत. आत्याने ते कुणाला लावलेलं मी कधी बघितलं नाही. ती म्हणे की ते औषध नव्हे, तो शेवटचा उपाय, आणि शेवट कुणालाच नको असतो. वाचणाऱ्यांनीही हे इथेच सोडून द्यावं. आपल्याकडे चांगल्या कामात कुणी मोडता घातला की त्याने बिब्बा घातला म्हणतात. माझ्या कामात तो मीच घातला. शुक्रवारी दुपारी आत्याचा डोळा लागलेला बघून मी पुरचुंडी सोडली, मोरीत बसले आणि दगडाने बिब्बा ठेचला. आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा असतो, मी तो बिब्ब्यावर मारला, फळ तेच. तेल उडालं. थोडं तळव्यावर लागलं, पुष्कळसं बोटांना. उकडत होतं. मी हाताने कपाळ पुसलं, मग गाल पुसले, मग डोळे चोळले, आणि दगड धुऊन जागेवर ठेवला.

शनिवारी सकाळी आईने मला उठवलं आणि भांडं हातातून खाली टाकलं. माझा चेहरा मला आरशात दिसेना, कारण डोळेच उघडेनात. एक डोळा बोटाने फाकवून बघितलं तेव्हा तिथे एक लालभडक, सुजून गोळा झालेली बाई होती, कपाळावर फोड, ओठ एका बाजूला. तळवाही भाजला होता, आणि खिळा जिथल्या तिथे होता. आत्या आली. तिने तोंड बघितलं नाही. ती म्हणाली, "पाय वर." मी पाय ठेवला. तिने तळवा हातात धरला आणि उजेडाकडे वळवला. मला वाटलं आता हिच्या तळपायाची आग मस्तकाला जाईल आणि ही मला चार ठेवून देईल. ती आत गेली, नारळ फोडला, खोबरं किसून त्याचं दूध काढलं, कोथिंबिरीचा रस काढला, आणि दिवसभर आलटून पालटून माझ्या तोंडाला लावत बसली. एकदाच म्हणाली की डबा उघडायच्या आधी मला उठवायचं होतंस. मी रडायला लागले तर रसात पाणी मिसळतं म्हणून तिने मला गप्प केलं.

रविवारी पळणं शक्यच नव्हतं. बँकेच्या पत्रात लिहिलं होतं की जी खेळाडू येऊ शकणार नाही तिने कारण लेखी कळवावं, म्हणजे पुढील तारखेचा विचार होईल. वडिलांनी शनिवारी संध्याकाळी बैठक मारली आणि कंपनीत रजेचे अर्ज लिहितात त्या सुरात चिठ्ठी लिहिली. मग मोठ्याने वाचली: "माझी कन्या कुमारी शालिनी हिला कुरूप झाल्याकारणाने ती उद्याच्या चाचणीस उपस्थित राहू शकत नाही." तो शब्द आमच्या घरात असा उघडा पडलेला मी पहिल्यांदा ऐकला. वडिलांच्याही तो तोंडातून निघून गेल्यावरच लक्षात आला. आई चुलीकडे वळली. आत्याच्या हातात नारळाच्या दुधाची वाटी होती. ती तिने खाली ठेवली.

"असा लिवू नुको," ती म्हणाली.

वडील म्हणाले की व्याकरण बरोबर आहे. हिला झालं आहे म्हटलंय, ही आहे असं म्हटलेलं नाही.

"माका म्हायत असा कसा वाचतत तां. पायास लिव. उजव्या पायास."

वडिलांनी कागद फाडला आणि दुसरा घेतला. आत्या त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली आणि ते दोन शब्द कागदावर उतरल्यावरच हलली. मग तिने सांगितलं की चिठ्ठी घेऊन ती स्वतः जाणार. वडिलांची रविवारची पाळी होती, आई म्हणाली हिच्या कॉलेजातली एक मुलगी चाचणीला जातेच आहे, तिच्या हाती देऊ. आत्या म्हणाली, "कागद एकलो जावचो नाय." जी बाई मुलुंडच्या बाहेर कित्येक वर्षांत गेली नव्हती, ती आतल्या खोलीत जाऊन ट्रंकेतून लुगडं काढू लागली. तेवढ्या वेळात आईने मला हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

आत्या लग्नाची झाली तेव्हा परळचं एक स्थळ ठरल्यासारखं होतं. मुलगा गिरणीत, घरचे चांगले, वडीलधाऱ्यांनी वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवलेलं. मुलाने मुलगी बघायची पद्धत आमच्याकडे नव्हती. आजोबा भयंकर प्रामाणिक माणूस. त्याच सुमाराला आत्याच्या पायाला काटा मोडून खिळा झाला आणि ती लंगडू लागली. नंतर बोल नको म्हणून आजोबांनी ते आधीच कळवायचं ठरवलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून गावच्या मास्तरांना कार्ड दिलं आणि सांगितलं: मुलीच्या उजव्या पायास कुरूप आहे, औषध चालू आहे, आम्ही काही लपवीत नाही. मास्तरांचं अक्षर मोठं आणि वळणदार. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, परमेश्वरकृपेने सर्व क्षेम, यातच कार्ड भरत आलं. उरलेल्या जागेत त्यांनी मावलं तेवढं बसवलं: "मुलीस कुरूप आहे. काही लपवीत नाही." परळला कुणीतरी ते वाचलं. उलट टपाली उत्तर आलं की आपला प्रामाणिकपणा आवडला, परंतु योग दिसत नाही. कार्ड उघडंच असतं. गावच्या पोस्टमनने आमचं जाताना आणि त्यांचं येताना वाचलं आणि वाडीत सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर दुसरं स्थळ आलं नाही. वाडीतली पोरं तिला त्या शब्दानेच हाक मारू लागली. वडिलांना मुलुंडला नोकरी लागली तेव्हा बिऱ्हाड करायच्या आधी त्यांनी बहिणीला आणलं.

आत्या दिसायला कशी होती हे मला आजही सांगता येत नाही. घरच्या माणसाचं तोंड कोण बघतं? नाक सरळ होतं एवढं आठवतं. तिने स्वतःही आरसा फारसा बघितला नसावा, कारण तिचं कुंकू नेहमी थोडं डावीकडे असे.

मैदान घाटकोपरला होतं. आम्ही बसने गेलो. मी तोंडावर ओढणी घेतली होती, तरी समोरच्या बाईने आपलं मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं. मैदानात चुन्याच्या रेघा ओढलेल्या, खुंट रोवलेले, पन्नासेक मुली पाय झटकत उभ्या, आणि एका कडेला कापडी मांडवाखाली टेबल. टेबलाशी एक गृहस्थ, चष्मा कपाळावर, पुढे मोठं रजिस्टर. नाव, वय, उंची, हजर की गैरहजर, आणि शेवटी एक अरुंद रकाना: शेरा. मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती अर्धी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. वाऱ्याने ओढणी उडाली होती. त्यांनी रजिस्टरमध्ये माझं नाव शोधलं, गैरहजरवर खूण केली आणि शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द लिहिला.

"कुरूप," ते लिहिता लिहिता म्हणाले. मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "हो, दिसतंय."

त्यात काही वाईट हेतू नव्हता. मला आजही वाटतं की त्यांनी फक्त दोन गोष्टी बघितल्या आणि त्या जुळल्या. मागे रांगेतल्या मुली हसल्या. मी चिठ्ठी तिथेच टाकून पळून गेले असते, पण पळता येत नव्हतं, तोच तर प्रश्न होता. आत्या तिसरीपर्यंत शिकलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचे, पेपरातली एक बातमी तिला दुपारभर पुरे. पण टेबलाच्या या बाजूने, उलटा दिसत असलेला तो शब्द तिने एका नजरेत वाचला.

"ह्या काय लिवलात?"

"कारण लिहिलंय, मावशी. चिठ्ठीत आहे तेच."

"चिठीत उजव्या पायास असा. तुमी उजवो पाय खंय टाकलात?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, चिठ्ठी बघितली, रजिस्टर बघितलं, आणि तिच्याकडे वळवून दाखवलं. "रकाना केवढा आहे बघा. जागा नाही."

आत्याने माझ्याकडे वळून, घरात म्हणते त्याच सुरात, तेवढ्याच आवाजात म्हटलं, "पाय वर." आयुष्यात हजारदा ऐकलेलं, माझा पाय आपोआप उठला. पाट नव्हता. मी तो टेबलावर ठेवला, म्हणजे रजिस्टरवर, म्हणजे माझ्या आणि आणखी अकरा मुलींच्या नावांवर. गृहस्थ खुर्चीसकट मागे सरकले. आत्याने माझा घोटा धरला आणि बोट खिळ्याच्या बाजूला टेकवलं. "ह्या कुरूप," ती म्हणाली. "ह्या पायाक असा. पोरगी कुरूप नाय. तोंडाचा तां बिब्ब्याचा, आठ दिसांत जाताला. नीट लिवा."

सगळं मैदान थांबलं होतं. शिटी गळ्यात अडकवलेल्या एक बाई, ज्या निवड करणार होत्या, तिकडून चालत आल्या. त्यांनी तळवा बघितला आणि त्यांचं तोंड असं झालं की मी ओळखलं, यांच्याही पायाला कधीतरी होतं. त्या गृहस्थांना म्हणाल्या, लिहा ना, काय बिघडतंय. मी पाय खाली घेतला. त्यांनी रजिस्टर झटकलं, शब्दाच्या आधी एक खूण केली आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिलं. राहिलेला शब्द वर घालायच्या त्या खुणेला काकपद म्हणतात, म्हणजे कावळ्याचा पाय. हे मला बँकेत लागल्यावर कळलं आणि मी घरी येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, कावळ्याक भोवरी होयत नाय.

"वाचून दाखवा," आत्या म्हणाली.

"उजव्या पायास कुरूप."

"मोठ्यान."

त्यांनी मोठ्याने वाचलं. रांगेत कुणी हसलं नाही. आत्याने मान हलवली आणि चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली, कारण काम झालं की कागद आपल्याकडे असलेला बरा. शिटीवाल्या बाईंनी विचारलं, किती दिवस लागतील. आत्या म्हणाली एकवीस. त्यांनी तारखांचा कागद बघितला आणि बाहेरगावच्या मुलींसाठी ठेवलेल्या दुसऱ्या चाचणीत माझं नाव घातलं. ती बाविसाव्या दिवशी होती.

ते एकवीस दिवस मी मिठाच्या पाण्यात पाय घालून बसले, आणि विसाव्या दिवशी खिळा मुळासकट निघाला. आत्याने तो कागदावर ठेवून सगळ्या चाळीला दाखवला. मी पळाले, राखीव म्हणून निवडली गेले, आणि कणकवलीला प्रामाणिकपणे नकार कळवण्यात आला. कार्डाने नाही, वडील स्वतः गेले. बँकेने मला पळण्यासाठी घेतलं आणि चौतीस वर्षं खुर्चीवर बसवलं. मध्यंतरी मला पुन्हा त्याच जागी त्रास झाला. सून मला मुलुंडच्याच एका पायांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथली पोरगी गोड होती. तिने माझा पाय बघितला आणि म्हणाली, "आजी, कॉर्न आहे." आता पायाला कॉर्न होतो, म्हणजे मका. त्याने कुणाचं लग्न मोडायची भीती नाही. पण मी तिला म्हटलं की कार्डावर लिहिताना पायास लिही, आणि तिने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

मला सांगायचं होतं ते घाटकोपरहून परत येतानाचं. बस अर्धी रिकामी होती. आत्या खिडकीशी बसली होती आणि दुपारच्या उन्हात आग्रा रोडच्या कंपन्यांच्या भिंती एकेक करून मागे जात होत्या. मला तिला काहीतरी विचारायचं होतं पण काय ते सुचत नव्हतं. भांडुप गेलं तेव्हा तीच बोलली, बाहेर बघत.

"जागा असता," ती म्हणाली. "बघूची लागता."

मी हो म्हटलं. थोड्या वेळाने तिने पायातली चप्पल काढली आणि उजवा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला, भर बसमध्ये. इतक्या वर्षांत तिचा तळवा मी पहिल्यांदा बघत होते. इतरांचे पाय बघणाऱ्या बाईचे पाय कुणी बघितलेच नव्हते. तो स्वच्छ होता, मऊ, लहान मुलीच्या तळव्यासारखा; कुठे भेग नाही, डाग नाही, काटा मोडल्याची खूणसुद्धा नाही.

"माझा एकवीस दिसांत गेला," ती म्हणाली. "परळचा कार्ड अठराव्या दिसाक इला."

माझे डोळे सुजलेले होते आणि सुजलेल्या डोळ्यांतून रडणं फार दुखतं, तरी मी रडले. आत्याने पाय काढला नाही. मी तो दोन्ही हातांत धरून बसले, मुलुंड येईपर्यंत.